नवी प्रजाती शोधायचीय? आधी दयाळ बघ

दूरच्या बेटांवर जाऊन पक्ष्याची नवी प्रजाती शोधायचा तुझा उत्साह झकास आहे, पण तिकीट काढण्याआधी वर्षभर मुंबईतलं भांडुप पंपिंग स्टेशन आणि बोरिवलीचं नॅशनल पार्क पालथं घाल. दयाळ या नेहमीच्या पक्ष्याच्या पिल्लाच्या छातीवर तपकिरी ठिपके दिसले की ‘नवा पक्षी!’ म्हणून ओरडणारे पुष्कळ भेटतात. पिल्लू, मादी, पिसं झडलेला नर, हे आधी ओळखता यायला हवं.

दुसरं म्हणजे कान. सगळे फोटोमागे धावतात. तू आवाज रेकॉर्ड कर; तारीख, वेळ, जागा तिथल्या तिथे वहीत टीप. घरी जाऊन लिहू म्हणशील तर राहिलंच.

आणि बेटं नकाशावर वाच. इंडोनेशियातल्या सुलावेसीजवळच्या तालियाबू, पेलेंग या बेटांवर शास्त्रज्ञ गेले ते भोवतालचा समुद्र किती खोल आहे ते बघून. खोल समुद्र म्हणजे हिमयुगात पाणी उतरलं तेव्हाही जमिनीशी न जोडलेलं बेट, म्हणून तिथले पक्षी वेगळे असण्याची शक्यता जास्त. तिथल्या परिसरातून २०२० मध्ये पक्ष्यांच्या पाच नव्या प्रजाती आणि पाच उपप्रजाती जाहीर झाल्या.

नावाची घाई नको. (स्वतःचं तर नकोच, हसं होतं.) आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावरच्या घुबडाला २०२२ मध्ये ‘ओटस बिकेगिला’ नाव मिळालं, ते शोधायला मदत करणाऱ्या स्थानिक माणसावरून. डीएनए वगैरे सध्या राहू दे. रविवारी सकाळी भांडुपला ये, दुर्बीण नसली तरी चालेल.