वेणी घालावी, पण ओढून नव्हे

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागेत राहते आणि तासगाव रस्त्यावरच्या एका शाळेत शिकवते. गणपतीच्या दिवसांत मला डेंग्यू झाला होता. दिवाळीनंतर केस इतके गळू लागले की न्हाणीघराची जाळी दर वेळी साफ करावी लागते. केस सुटे राहिले तर आणखी गळतील, या भीतीने मी घट्ट वेणी घालून अंबाडा बांधते आणि त्यावर हेल्मेट घालते. पण आता कानशिलांवरचे केसही विरळ झाले आहेत. डोक्यालगत विणलेल्या बारीक बारीक वेण्यांनी केसांचे रक्षण होते, असे एका व्हिडिओत पाहिले. त्या घालाव्यात का? फेब्रुवारीत भावाचे लग्न आहे, तेव्हा गंगावन लावून खोपा घातला तर चालेल का?
— एक शिक्षिका, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रावरून दोन निराळ्या कारणांनी केस जात असावेत, असे मला वाटते. मोठ्या तापानंतर बरेचसे केस एकदम वाढ थांबवून विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी मुळातून सुटतात. गणपतीतला ताप आणि दिवाळीनंतरची गळती हा हिशेब त्याच्याशी जुळतो. ही गळती सगळ्या डोक्यावर सारखी असते आणि बहुधा सहा महिन्यांच्या आत आपोआप ओसरते. केस सुटे ठेवल्याने ती वाढत नाही आणि बांधल्याने थांबत नाही. मुळातून सुटलेले केस वेणीत नुसते अडकून राहतात आणि वेणी सोडली की मूठभर हातात येतात, त्याने घाबरून जाऊ नये.

कानशिलांची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथले केस मुळातच नाजूक असतात आणि रोज त्याच जागी ओढ बसली की मुळे दुखावतात. सुरुवातीला ओढ थांबवली तर केस परत येतात, पण वर्षानुवर्षे ती चालू राहिली तर मुळांच्या जागी व्रण होऊन केस कायमचे जातात. म्हणून तापाच्या गळतीला वेळ द्या, पण घट्ट अंबाडा आजच सोडा.

व्हिडिओतल्या वेण्या मी तुम्हाला सुचवणार नाही. ती आफ्रिकी वंशाच्या लोकांची जुनी परंपरा आहे. त्यांचे घट्ट कुरळे केस रोज विंचरताना तुटतात, म्हणून ते विणून ठेवण्याचा उपयोग होतो, आणि तिथेही वेण्या फार ताणल्या तर कपाळाकडचे केस जातातच. आपल्याकडच्या सरळ, घसरत्या केसांवर अशी वेणी टिकवायची तर ती आणखी ओढावी लागते, आणि तुम्हाला तर ओढच टाळायची आहे.

तुमच्यासाठी आपली साधी तीन पेडांची वेणीच उत्तम, फक्त ती घालण्याची रीत बदला. ओले केस ताणले की लवकर तुटतात, म्हणून ते वाळू द्या. मोठ्या दातांच्या कंगव्याने आधी टोकांचा गुंता काढा आणि मग हळूहळू वर या. वेणी डोक्यावर उंच न धरता मानेशी सुरू करा. पहिले दोन-तीन वळसे मुद्दाम सैल ठेवा, कारण सगळा ताण तिथेच बसतो. खाली नेहमीसारखी विणली तरी चालेल. टोकाला साधे रबर न लावता कापडाचे मऊ रबर लावा. मग आरशासमोर भुवया वर उचलून पाहा : कानशिलाची कातडी ओढली गेली किंवा केसांच्या मुळाशी दुखले, तर वेणी सोडून पुन्हा घाला. डोके दुखणे आणि केसांच्या मुळाशी बारीक पुटकुळ्या येणे ही वेणी घट्ट झाल्याचीच खूण आहे. भांग आठवड्यातून एक-दोनदा बदला. हेल्मेट अर्थातच सोडायचे नाही; आत सुती रुमाल बांधा आणि वेणी हेल्मेटच्या खाली मोकळी सोडा. रात्री सैल वेणी घालून उशीवर जुन्या रेशमी साडीचा तुकडा अंथरला, तर घर्षण कमी होते.

तुमच्या वर्गातल्या मुलींकडेही एकदा पाहा. दोन वेण्या दुमडून रिबिनीने करकचून बांधलेल्या असतात, आणि काहींच्या कानशिलांवर आताच बारीक तुटके केस दिसतील. त्यांच्या आयांना हे तुम्ही सांगितलेत तर त्या ऐकतील.

दरम्यान त्वचारोगतज्ज्ञांना एकदा दाखवा आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) व थायरॉइड यांच्या तपासण्यांबद्दल विचारा. गोल गुळगुळीत चाई, खपल्या किंवा लाली दिसली, अथवा सहा महिन्यांनंतरही गळती ओसरली नाही, तर मुळीच थांबू नका. नवे केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणून लग्नापर्यंत कपाळाशी आखूड, उभे राहणारे केस दिसू लागले तर ते तुटके समजून तेलाने चापून बसवू नका.

लग्नात खोपा अवश्य घाला, पण मानेशी आणि सैल. गंगावन हलके घ्या आणि ते कानशिलांकडच्या केसांना न बांधता मागच्या दाट केसांत अडकवा. गजऱ्याचे वजनही मागेच येऊ द्या, आणि वरात घरी आली की झोपण्याआधी सगळे सोडून टाका.