संत्र्यावरचा डिंक्या: आधी बुंधा बघा

भाऊ, झाड पिवळं पडलं की लगेच खताची गोणी उघडू नका. बुंध्याजवळची माती सारून बघा. साल ओलसर तपकिरी आणि डिंक ओघळलेला दिसला, तर तो फायटोफ्थोरा बुरशीचा डिंक्या. खताने तो हटत नाही.

सडकी साल धारदार चाकूने निरोगी भागापर्यंत खरवडा आणि ते तुकडे जाळा, बागेत टाकू नका. जखम १ टक्का पोटॅशियम परमँगनेटने धुऊन बोर्डो पेस्ट लावा. पेस्टसाठी १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटरमध्ये, भांडी प्लास्टिकचीच. गाळून एकत्र करा, लोखंडी खिळा बुडवा. तांबूस थर चढला तर चुना वाढवा. पेस्ट त्याच दिवशी संपवा. पावसाळ्याआधी आणि नंतर, जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत लावा.

पण खरं दुखणं पाण्याचं. विदर्भातल्या भारी काळ्या जमिनीत पाटाचं पाणी बुंध्याला टेकतं आणि रोग झाडोझाड नेतं. ठिबक नसेल तर दुहेरी आळं करा, म्हणजे बुंध्याजवळचं आतलं कडं कोरडं आणि पाणी बाहेरच्या आळ्यात; पावसाचं पाणी काढायला उताराने चर खोदा. कलमाचा जोड मातीत गाडला असेल तर आजच मोकळा करा. नवी कलमं घेताना जोड जमिनीपासून वीतभर तरी वर हवा.