घरच्या कॉम्प्युटरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) सारखा बदलतो, मग बाहेरगावाहून रिमोट अ‍ॅक्सेस कसा घ्यायचा?

तुम्ही लिहिलंय की राउटर रिस्टार्ट झाला की आयपी बदलतो आणि सगळं बंद पडतं, म्हणून डीडीएनएस (बदलत्या आयपीला एक कायमचं नाव देणारी सेवा) लावायचा विचार आहे. लावा, पण त्याआधी पाच मिनिटं काढून एक गोष्ट बघा, नाहीतर माझ्यासारखे दोन शनिवार-रविवार वाया जातील.

मी पुण्यात असतो, कॉम्प्युटर सांगलीला घरी. मीसुद्धा डकडीएनएस नावाच्या डीडीएनएस सेवेवर फुकट नाव घेतलं, घरच्या मशीनवर त्याचा छोटा प्रोग्राम टाकला, तो दर पाच मिनिटांनी नवीन आयपी कळवायचा, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं कनेक्शन त्या मशीनकडे पाठवणं) केलं, नाव बरोबर आयपी दाखवत होतं आणि तरी कनेक्ट काही होईना. इंटरनेटवाल्याला फोन केला तर राउटर बंद करून चालू करा एवढंच. शेवटी ऑफिसातल्या मित्राने विचारलं, अरे राउटरच्या आत वॅन आयपी (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) काय दिसतोय ते बघितलंस का? बघितला तर १००.७२ ने सुरू होणारा. तो म्हणाला, मग बस बोंबलत, हा पत्ता तुझा नाहीच.

झालंय काय, की आयपीव्ही४ चे, म्हणजे नेहमीच्या चार आकड्यांच्या आयपीचे, पत्ते साधारण ४२९ कोटीच, आणि आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचा साठा २०११ मध्येच जवळजवळ संपला. म्हणून कंपन्या एकाच पब्लिक (बाहेरून थेट गाठता येणाऱ्या) आयपीमागे बरेच ग्राहक बसवतात, ह्याला सीजीनॅट म्हणतात. सोसायटीचा पत्ता सगळ्यांना माहिती पण फ्लॅट नंबर फक्त वॉचमनला, आणि तो बाहेरच्याला आत सोडत नाही, असं समजा. डीडीएनएस तुम्हाला फार तर सोसायटीच्या गेटपर्यंत नेतो.

तर घरच्या वायफायवर असताना गुगलवर 'what is my IP' शोधून जी साइट येईल तिच्यावर दिसणारा आयपी बघा, मग राउटरच्या पानावर (बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) जाऊन वॅन आयपी बघा. दोन्ही सेम असतील तर नशीबवान आहात, डीडीएनएस चालेल. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला किंवा पहिल्या टिंबाआधी नुसता १० असलेला असेल तर तो रस्ता बंद. १९२.१६८ दिसला तर बहुधा फायबरच्या डब्याच्या मागे तुमचा स्वतःचा दुसरा राउटर आहे, मग त्या पहिल्या डब्यात जाऊन हेच तपासा. स्टॅटिक आयपी विकत मिळतो काही ठिकाणी, पण दर महिन्याचा खर्च, मला तरी पटलं नाही.

मी शेवटी टेलस्केल टाकलं, म्हणजे आपल्याच मशीनना एका खाजगी नेटवर्कने जोडणारा प्रोग्राम. दोन्हीकडे इन्स्टॉल करायचं, एकाच अकाउंटने लॉगिन करायचं, संपलं. दोन्ही मशीन आतून बाहेर कनेक्शन करतात त्यामुळे सीजीनॅट आडवं येत नाही, आणि घरच्या मशीनला त्यांच्या नेटवर्कमधला एक कायमचा पत्ता मिळतो, बाहेरचा आयपी दिवसातून दहा वेळा बदलू दे. (गंमत म्हणजे तो पत्तासुद्धा १०० नेच सुरू होतो, घाबरू नका.) सेटिंगमध्ये दोन गोष्टी मात्र कराच: विंडोजमध्ये 'रन अनअटेंडेड' चालू ठेवा, म्हणजे कोणी लॉगिन केलेलं नसलं तरी चालतं, आणि घरच्या मशीनची की एक्सपायरी (लॉगिनची मुदत) बंद करा, नाहीतर १८० दिवसांनी पुन्हा लॉगिन मागतं आणि तुम्ही नेमके तेव्हा बाहेरगावी असणार.

त्यावरून मग विंडोजचा रिमोट डेस्कटॉप वापरा. घरच्या मशीनवर विंडोज होम असेल तर बाहेरून आत घेण्याची सोय त्यात नाही, प्रो लागतं, नाहीतर रस्टडेस्कसारखा दुसरा रिमोट प्रोग्राम. आणि आत शिरताना विंडोजचा पिन चालत नाही, अकाउंटचा पासवर्ड लागतो, ह्यात माझा एक तास गेला.

पब्लिक आयपी असला तरी ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचं दार) थेट इंटरनेटला उघडा ठेवू नका हो, कृपा करून. दिवसरात्र बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) पासवर्ड लावून बघत असतात, आणि २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची जी चूक सापडली ती जुन्या विंडोजच्या ह्याच रिमोट डेस्कटॉपमध्ये होती, आत यायला पासवर्डही लागत नव्हता.

आता खरी अडचण, जी कोणी सांगत नाही. लाईट. घरी लाईट गेली की मशीन बंद, मग बाबांना फोन, "ते गोल बटण दाबा", "कुठलं गोल?" बायॉसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर काय करायचं असा पर्याय असतो, तो 'पॉवर ऑन' करा. स्लीप पण बंद करा. एवढं करूनही आमची आई रात्री झोपताना सगळे स्विच बंद करते, राउटरसकट. स्विचवर चिकटपट्टी लावून 'बंद करू नये' लिहिलं होतं, ती दिवाळीच्या साफसफाईत गेली.