वजन उतरवण्यासाठी खाणे कमी केल्यापासून उठताना चक्कर येते, काय करावे?

तुमच्या प्रश्नावरून मला समजले ते असे: वय 38, वजन 78 किलो, राहणे नागपुरात. तीन आठवड्यांपासून तुम्ही दिवसाला साधारण 900 कॅलरींवर आहात. भात आणि पोळी बंद, मीठ जवळजवळ सोडलेले, पहाटे फुटाळा तलावावर तासभर चालणे. चार किलो उतरले, पण आता बसल्या जागेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि ही चरबी जळत असल्याची खूण आहे, थोडे सहन करा, असे मैत्रिणीने सांगितले आहे. अशा वेळी साखर खाऊ का, असेही तुम्ही विचारले आहे. मी डॉक्टर नाही; कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आणि चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात याच अवस्थेतून गेले आहे. मैत्रिणीचे म्हणणे तुम्ही मनातून काढून टाकावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. चरबी वापरली जाताना चक्कर येण्याचे काही कारण नाही. येत असेल, तर बहुतेक वेळा शरीरातले पाणी आणि मीठ घटलेले असते आणि खाण्यातली कपात झेपण्यापलीकडची असते.

आधी एक गोष्ट नीट पाहा. आपण चक्कर हा एकच शब्द दोन निराळ्या अनुभवांना वापरतो. उभे राहताच अंधारी येणे, काजवे चमकणे, पायांतले बळ गेल्यासारखे वाटणे आणि बसल्यावर मिनिटभरात ते ओसरणे, हा एक प्रकार, तो रक्तदाबाचा. अंथरुणावर कूस बदलताना किंवा मान वर करताना घर गरगर फिरल्यासारखे वाटणे, हा दुसरा. तो बहुधा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा असतो आणि त्याचा आहाराशी सहसा संबंध नसतो. डॉक्टरांपुढे नुसते चक्कर येते असे न सांगता यांपैकी काय होते ते सांगितलेत, तर अर्धे निदान तिथेच होते. तुमचे वर्णन पहिल्या प्रकारात बसते.

माझेही तेच होते. मे महिन्यात सकाळी अकराच्या सुमारास मी गच्चीवर उकिडवी बसून कुरडया उलटत होते. खाली फोन वाजला म्हणून झटकन उठले, तर दोन्ही बाजूंनी काळा पडदा सरकत आल्यासारखे झाले आणि मी शेजारच्या पाण्याच्या काळ्या टाकीला धरले. टाकी उन्हाने इतकी तापली होती की एरवी मी हात मागे घेतला असता. त्या क्षणी चटका जाणवलाच नाही, तो जाणवला अंधारी ओसरल्यावर. गच्चीचा कठडा तिथून दोन पावलांवर होता. त्या दिवसानंतर मी हे सहन करण्याची गोष्ट मानत नाही.

आत काय घडते ते सांगते. आपण उभे राहतो तेव्हा अर्धा ते एक लिटरभर रक्त पाय आणि पोटाकडे उतरते. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांतील दाब ओळखणाऱ्या पेशी लगेच इशारा देतात, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि मेंदूचा पुरवठा सावरला जातो. रक्ताचे एकूण आकारमानच घटलेले असेल, तर ही धावपळ अपुरी पडते. ते घटते कसे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. यकृतात आणि स्नायूंत मिळून सुमारे अर्धा किलो ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. भात-पोळी एकदम बंद केली की हा साठा पहिल्या काही दिवसांतच उतरतो आणि ते पाणी निघून जाते. सोबत इन्शुलिनची पातळी खाली येते, आणि ती खाली आली की मूत्रपिंडे मीठ धरून ठेवण्याऐवजी लघवीवाटे सोडू लागतात. मिठामागून आणखी पाणी जाते. त्यात तुम्ही वरून मीठ तोडले आहे आणि आपल्याकडे पारा 45 च्या आसपास असताना घामावाटे जाते ते वेगळेच. तुमच्या चार किलोंपैकी निदान दीड-दोन किलो हे पाणीच असावे.

म्हणून साखर खाऊ का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा नाही असेच आहे. निरोगी माणसाची रक्तातली साखर थोड्या उपाशीपणाने सहसा 70 च्या खाली जात नाही, कारण यकृत ती तयार करत राहते. मात्र मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर चित्र पूर्ण बदलते. खाणे कमी आणि औषध तेवढेच, याने साखर खरोखर धोकादायक खाली जाते; हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, बोलण्यात गोंधळ होतो. अशा वेळी ग्लुकोमीटरवर साखर पाहून लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

तुम्ही कोणती औषधे घेता, हे प्रश्नात लिहिलेले नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. माझ्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषधही होते. वजन उतरले, मीठ कमी झाले, दाब आपोआप खाली आला, पण गोळी जुन्या वजनाचीच राहिली. डॉक्टरांनी मला पाच मिनिटे आडवे ठेवून दाब मोजला, तो 124/78 होता. उभे करून मोजला तेव्हा 98/66. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर तो दोष मानतात. त्यांनी गोळी बदलली. दाब मोजण्याचे यंत्र घरी असेल, तर सलग तीन सकाळी तुम्हीही हे मोजून वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

त्याच भेटीत हिमोग्लोबिन आणि बी-12 जीवनसत्त्व तपासून घ्या. स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन 12 च्या खाली असले, तर तो पांडुरोग धरतात, आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये तो आढळला होता. म्हणजे आहार कमी करण्याआधीच तुमचे रक्त कमी असण्याची शक्यता बरीच आहे. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ घरांत आहे, त्यामुळे घरात कोणाला तो असेल, तर स्वतःचीही तपासणी करा. सिकलसेलच्या रुग्णाने शरीर कोरडे पडू देणे फार महागात पडते, म्हणून त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा आहार सुरूच करू नये.

आता खाण्याविषयी. तुमच्या वजनाच्या आणि रोज तासभर चालणाऱ्या स्त्रीला साधारण 1700 ते 1900 कॅलरी लागतात. त्यातून 400 ते 500 कमी करणे पुरे. आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरते आणि ते टिकते. 800 च्या खालचा आहार तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करण्याचा असतो, आणि तुम्ही त्याच्या फार दूर नाही. मी दोन वेळेला एकेक ज्वारीची भाकरी परत आणली, सोबत वाटीभर घट्ट वरण किंवा झुणका, अंबाडीची भाजी, दुपारी ताक. कमी केले ते तेल, कारण एका मोठ्या चमचाभर तेलातच सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात. रविवारचे तर्री-पोहे मी सोडले नाहीत, तर्री अर्धी केली. मिठाबाबत जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी असे आहे. त्याचा अर्थ शून्य असा लोक का घेतात, हे मला आजवर कळलेले नाही. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार नसेल आणि दाब चढा नसेल, तर जेवणात बेताचे मीठ आणि ताकात चिमूटभर मीठ-जिरे घालायला हरकत नाही. खूप घाम गेलेल्या दिवशी ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच घोळावी. नुसते साधे पाणी लिटरच्या लिटर पिऊन ही चक्कर जात नाही.

चालायला पूर्ण उपाशी पोटी जाऊ नका, आणि चालणे संपवताना एकदम थांबून उभ्या राहू नका. शेवटची पाच मिनिटे सावकाश चाला. सकाळी अंथरुणातून उठताना आधी बसा, पिंढऱ्या दहा-बारा वेळा आवळा, मग उभ्या राहा. अंधारी येऊ लागली, तर आहात तिथेच खाली बसा किंवा आडव्या होऊन पाय उंच करा; त्यात संकोच बाळगू नका. गॅसपुढे आणि जिन्यावर विशेष जपा, आणि हे थांबेपर्यंत गाडी चालवू नका.

शुद्ध हरपली, छातीत दुखले, ठोके अनियमित वाटले, दम लागला, शौच काळी झाली, बोलणे अडखळले किंवा एका बाजूचा हात-पाय ढिला पडला, तर आहाराचा विचार बाजूला ठेवून 108 ला फोन करा किंवा थेट मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांपैकी जे जवळ असेल तिथे तातडीच्या विभागात जा. गरोदर असण्याची शक्यता असेल, तर हा आहार आजच थांबवून डॉक्टरांना भेटा.

भाकरी आणि मीठ परत सुरू केल्यावर आठवडाभरात काटा एक-दीड किलो वर गेलेला दिसेल. मी तो पाहून रडले होते आणि पुन्हा उपाशी राहायला निघाले होते. ते वजन पाण्याचे असते, चरबीचे नाही. त्या आठवड्यात काट्यावर उभ्या राहू नका. कमरेचे माप टेपने घ्या आणि उठताना अंधारी किती वेळा आली, तेवढेच वहीत लिहीत जा.