बॉटने लावलेलं ठिगळ

महाप्याला नवीन लागलास आणि पहिल्याच आठवड्यात बॅकपोर्टचं, म्हणजे नव्या आवृत्तीतली सुरक्षेची दुरुस्ती जुन्या आवृत्तीत बसवायचं, काम गळ्यात पडलं, म्हणून सांगतो. बॉट चेरी-पिक करतो, म्हणजे तेवढाच बदल (कमिट) उचलून जुन्या आवृत्तीच्या कोडमध्ये (शाखेत) आणतो, कॉन्फ्लिक्ट, म्हणजे कोडची टक्कर, येत नाही, टेस्ट हिरव्या होतात. फसगत तिथेच! मी असाच एक पॅच (दुरुस्तीचा तुकडा) मर्ज करून, म्हणजे कोडमध्ये मिसळून, घणसोलीहून ठाणे लोकल पकडली. ऐरोली येतंय तोच फोन. नवीन तपासणी ज्या फंक्शनमध्ये होती, त्याला जुन्या शाखेत कुणी कॉलच करत नव्हतं. आलो परत.

तेव्हापासून आधी सुरक्षेतलं भोक सिद्ध करणारी टेस्ट जुन्या शाखेवर चालवतो. ती लाल झाली तरच पॅच लावायचा. लालच होत नसेल, तर ती शाखा बाधितच नसेल किंवा टेस्ट चुकली असेल. बॉटला यातलं काही कळत नाही. मूळ कमिटचा आयडी नव्या कमिटच्या संदेशात राहू दे.

आवृत्त्या तपासून धोका सांगणाऱ्या स्कॅनरच्या आरडाओरड्याला घाबरू नकोस. २०१४ च्या हार्टब्लीड या सुरक्षा-दोषाची दुरुस्ती ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीने १.०.१जी मध्ये दिली, पण डेबियन ७ या लिनक्सने १.०.१ई वरच ती बसवली. नुसता आकडा बघणाऱ्याला ते असुरक्षितच दिसणार. चेंजलॉग (बदलांची नोंद) वाच, मग क्लायंटला उत्तर दे.