सांगलीत डीलरकडून जुनी कार घेतली. तीन आठवड्यांत ऑइल संपून खंबाटकी घाटात इंजिन सीझ (जाम) झालं. खर्च कोणाचा?

ऑइलची गळती विक्रीआधीपासून होती आणि डीलरने ती लपवली हे दाखवता आलं तर खर्च डीलरकडे मागता येतो. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लागल्यावरही तुम्ही घाट चढत राहिला असाल, तर दावा बराच कमकुवत होतो. तो दिवा ऑइलची पातळी नाही, दाब दाखवतो, म्हणून तो लागतो तेव्हा बऱ्याचदा आधीच उशीर झालेला असतो.

सगळं पुराव्यावर आहे, त्यामुळे इंजिन घाईने उघडू नका. आधी डीलरला लेखी कळवा, मग त्याच्यासमोर किंवा त्रयस्थ मेकॅनिककडून उघडा आणि लेखी अहवाल घ्या. फोटो हवेत ते असे:
- डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी), ऑइल फिल्टर, ड्रेन बोल्ट (ऑइल काढायचा) व वॉशर
- चेंबरच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) तळाचा गाळ (घट्ट काळा थर म्हणजे जुनं दुर्लक्ष, तीन आठवड्यांचं नव्हे)
- निळी पडलेली किंवा घासलेली बेअरिंग

जुने पार्ट भंगारात देऊ नका. मधल्या काळात ऑइल बदललं असेल आणि ड्रेन बोल्ट ढिला सापडला, तर जबाबदारी त्या गॅरेजची, डीलरची नव्हे.

डीलर ऐकत नसेल तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते. ‘जशी आहे तशी’ असं करारात लिहिलं, म्हणून फसवणूक माफ होत नाही. मात्र गाडी डीलरऐवजी खासगी मालकाकडून घेतली असती तर ग्राहक आयोग नाही, दिवाणी कोर्ट. साधा विमा यांत्रिक बिघाड भरून देत नाही. दगड लागून चेंबर फुटला असेल तरच विमा कंपनीला विचारा.