एसीएलच्या ऑपरेशननंतर कबड्डीचा मोसम बाहेर बसून कसा काढायचा?

सप्टेंबरअखेर एसीएलची (गुडघ्यातल्या मुख्य अस्थिबंधाची) शस्त्रक्रिया, आता सातवा आठवडा. तू चढाईपटू, आणि गुहागर-चिपळूणकडचे रात्रीचे सामने तोंडावर आलेत. संघाचा ग्रुप सोडलास, मैदानाकडे फिरकत नाहीस आणि विचारतोयस की नऊ महिने काढायचे कसे.

आधी कॅलेंडर उघड. नऊ महिने भरतात जूनअखेर. तेव्हा आपल्याकडे धो धो पाऊस, मैदानात चिखल, सामने आहेत कुठे? म्हणजे तुझा खरा मोसम पुढच्या दिवाळीनंतरचा, ऑपरेशनपासून जवळपास तेरा महिने. घाई करून मिळणार काहीच नाही. मध्ये मोह मात्र दोन आहेत: शिमगा, आणि मे महिन्यात चाकरमानी आले की होणाऱ्या वाडीवाडीच्या स्पर्धा. शिमग्याला तुझे साडेपाच महिने झालेले असतील, मेमध्ये साडेसात. दोन्ही वेळेला गुडघा दुखणार नाही, सूज नसेल, जिना सहज चढशील. पण तुटलेल्या एसीएलच्या जागी आत बसवलेल्या स्नायुरज्जूचं (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचं) अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारा पट्टा) व्हायचं काम तेव्हाही चालूच असतं आणि ते बाहेरून कळत नाही. नऊ महिन्यांच्या आत खेळणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच जास्त असतो. "एकच चढाई मार रे" म्हणणारे भेटतीलच. म्हणून या दोन्हीला नकार आजच कर्णधाराला आणि घरी सांगून टाक. त्या रात्री दिव्यांखाली उभं राहून ठरवशील तर चुकशील.

खरी अडचण संध्याकाळची. साडेपाच ते साडेसात सराव असायचा, ते दोन तास आता मोकळे, आणि डोकं नेमकं तेव्हाच भरकटतं. बरेच जण व्यायाम सकाळी उरकतात आणि संध्याकाळी मोबाइल घेऊन पडतात, किंवा पारावर बसून बाटलीच्या नादी लागतात. फिजिओने दिलेला मुख्य व्यायाम त्याच वेळेला ठेव, सरावाचे कपडे घालून. चिपळूणला दर आठवड्याला एसटीने जाणं जमत नसेल तर पंधरा दिवसांनी जा, पण प्रत्येक व्यायाम तिथे मोबाइलवर चित्रित करून घे. घरी नेमकं चुकतं ते पाय पूर्ण सरळ करण्यात आणि मांडीचा पुढचा स्नायू आवळण्यात.

एक वही कर. रोज सकाळी वाटीच्या मध्यावरून टेपने गुडघ्याचा घेर, वेदना ० ते १०, झोप किती तास, मन ० ते १०. पाच मिनिटांचं काम. वाचायची मात्र रविवारीच. वाईट दिवशी "काहीच फरक नाही" असं वाटतं, वही महिन्याचा फरक दाखवते. शिवाय मनाचा आकडा कधी घसरतो तेही दिसतं. बहुतेकदा आदल्या रात्रीची झोप गेलेली असते किंवा घेर वाढलेला असतो. एक सेंटीमीटर वाढला तर त्या दिवशी भार कमी कर, "आपलं संपलं" असा अर्थ काढू नकोस.

मैदानावर जा, पण काम घेऊन. नुसतं बाकावर बसलास तर जीव जळतो. समोरच्या संघाचे दोन्ही कोपऱ्यांतले बचावपटू कोणत्या पायावर झेपावतात, बोनसला कोण पुढे सरकतो, दोन रिकाम्या चढायांनंतरच्या तिसऱ्या चढाईला काय करतात हे टिपून मध्यंतरात कर्णधाराला दे. आठवड्यातून एक सामना पुरे.

घरी दहा मिनिटं डोळे मिटून चढाई कर. टीव्हीवर स्वतःला पाहिल्यासारखं नको, स्वतःच्या डोळ्यांनी: मध्यरेषा, डावा कोपरा, पायाखालची माती. वेग खरा, तीस सेकंदच, आणि बसल्या बसल्या दम घुमव. श्वासाचा सराव तेवढाच टिकून राहतो. ज्या उडीत गुडघा गेला तीच पुन्हा पुन्हा दिसत असेल तर तिथे थांब, वेग निम्मा कर आणि पाऊल नीट टेकवूनच पुढे जा.

(किनाऱ्यावर धावायचा सल्ला देणारे खूप भेटतील. मऊ वाळूत पाय वळतो, उतारावर गुडघ्यावर एका बाजूने ताण येतो. फिजिओने परवानगी दिली की ओहोटीच्या घट्ट, सपाट वाळूवर फक्त चाल.)

परतताना भीती वाटणारच. पायऱ्या ठरव: रिकाम्या मैदानात चढाई, मग न पकडणारा एक बचावपटू, मग फक्त हाताचा स्पर्श, मग चांगल्या पायावर पकड, शेवटी ऑपरेशनच्या पायावर. प्रत्येक पायरी तीन सत्रं, आणि भीती दहापैकी तीनच्या खाली आल्याशिवाय पुढची नाही. पहिल्या पायरीवरून थेट सराव सामन्यात उतरणारे नकळत सगळा भार दुसऱ्या पायावर टाकतात, आणि मग तो गुडघा जातो. सराव सामन्याआधी फिजिओकडून दोन्ही पायांची ताकद आणि एका पायावरच्या उड्या मोजून घे, ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के हवा. एसीएल-आरएसआय ही १२ प्रश्नांची प्रश्नावलीही भरायला माग. पाय तयार आणि मन नाही, हे तिच्यात पकडलं जातं.

सलग दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच रस नाही, असं असेल तर ही नुसती मोसमाची हुरहुर नव्हे, डॉक्टरला दाखव. जगणं नको वाटलं तर एक दिवसही थांबू नकोस: टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं.

ग्रुपमध्ये परत ये, हवं तर आवाज बंद ठेव. आणि नाक्यावर "काय रे, कधी उतरतोस?" विचारलं की उत्तर एकच: पुढच्या दिवाळीनंतर.